लाभ

आमच्या अभ्यासात त्यांचा क्रमांक एकशे सतरा.
नाव वेगळ्या कपाटात असतं, कुलपात.
ते बाहेर सांगायचं नसतं,
म्हणून इथे मी त्यांना लिंबाजीबाबा म्हणते.
अंबाजोगाईच्या मोंढ्यात एकेचाळीस वर्षं मापाडी.

संमतीपत्रावर अंगठा उठेना.
रेषा पोत्यांनी केव्हाच नेलेल्या.
तीनदा शाई लावली, तिन्हीदा
कागदावर नुसता काळा ठिपका.
"घे माय," ते म्हणाले, "हाच मी."

पहिली भेट. बाजारात तूर यायचे दिवस.
वार? सोमवार. बरोबर.
जिल्हा? बीड. बरोबर.
हे गाव कोणतं, बाबा?
"मोमिनाबाद."
मी पेन टेकवणार, तोच चुलीपुढून म्हातारी ओरडली,
"त्यांच्या जन्माला तेच नाव होतं गावाला,
चूक नको लिहूस!"
सरांना फोन लावला.
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, अर्धा गुण नसतो.

शंभरातून सात काढा, उरतील त्यातून पुन्हा सात.
"काय काय इचारायलीस माय,
मापाड्यानं काढायचं नसतंय. टाकायचं असतंय."
बरं, मग वीसपर्यंत मोजा.
ते सावरून बसले, डावा गुडघा मोडला,
नसलेली आधोली दोन्ही हातांत धरली
आणि सूर लागला
लाभ
दोन
तीन
चार
एकपासून, बाबा.
"एक म्हणत नसतेत. धान्याला एकटं म्हणू नाही.
पहिलं माप लाभाचं."

मी चौकोनात लाभ लिहिलं.
रात्री ऑफिसात माहिती चढवताना
रकान्याने ते घेतलं नाही.
पडदा लाल. फक्त अंक भरा.

रक्ताच्या दोन नळ्या बर्फाच्या पेटीतून पुण्याला गेल्या.
तिथे एक प्रथिन मोजतात, मी सांगितलं,
इतकं थोडं, की आधोलीच्या काठाला चिकटलेली धूळ
त्याच्यापुढे खंडीभर.
त्यांना ते फार आवडलं.
"तिथं मापाडी कोन हाय?"

दोन वर्षांनी पुन्हा गेले.
चिंच, कुलूप, नदी. लक्षात ठेवा, मी विचारीन.
पाच मिनिटांनी त्यांनी चिंच दिली.
जरा थांबून आणखी एक चिंच दिली,
माप भरल्यावर वर मूठभर घालतात तशी.
घड्याळ काढा म्हटलं तर गोल काढला,
आकडा एकही नाही,
पेन्सिलीने आतून काळा केला, पार काठापर्यंत.
"भरलं," म्हणाले.
मी शून्य लिहिलं. नियमाने शून्यच येतं.

तिसऱ्या भेटीला मोंढ्यावरूनच चालत आले.
सोयाबीनची पोती इलेक्ट्रिक काट्यावर,
लाल आकडे आपोआप उमटत होते
आणि कुणीच काही म्हणत नव्हतं.

म्हातारी दारातच भेटली.
"मला आता मावशी म्हणतेत," तिने सांगितलं.
"म्हणू दे. बोलतेत तरी."
बाबांच्या सदऱ्याची बटणं एक घर खाली लागलेली.
वार त्यांना माहीत नव्हता. गाव विचारलं
तर माझ्याकडेच बघत राहिले,
जणू मीच चुकून आलेय, आणि मला सांगावं कसं.

मोजा, बाबा. येईल तेवढं.
गुडघा आपोआप मोडला.
लाभ.
हात डावीकडे रिता झाला. परत आला.
लाभ.
दहा सेकंद थांबावे, असं आमच्या पुस्तिकेत आहे.
मी थांबले. पुढे तर मोजायचंच सोडलं.
लाभ.
दोनची वाट बघत होते मी, तीही बघत होती,
त्यांना मात्र कुठेच जायचं नव्हतं.
लाभ.
प्रत्येक माप पहिलंच.

खोलीत एक दाणा नव्हता.
म्हातारी हळूच मागे सरकली,
लुगड्याचा काठ आवरला,
पाय पोटाशी घेतले,
राशीला लागू नयेत म्हणून.